जित्या माणसाचं नाव

फोटो मागू नका मॅडम. बाकी काय बी इचारा, सांगते, पन फोटो मागू नका. आमच्या मालकाचा एकच धड फोटो होता, कबड्डीच्या संघासंगं काढलेला. त्यातलं नेमकं ह्यांचं मुंडकं कापून लोकांनी फाट्यावर लावलं आन् वर मोठ्या अक्षरात लिव्हलं, भावपूर्ण श्रद्धांजली. आन् म्हातारं तर बघा, तुमच्या डोळ्यापुढं अंगनात बसलंय. जितं. ठनठनीत. भर उन्हात, बोडक्या डोक्यानं. त्येला हाक मारू नका. का बसलंय ते सांगते. आधी सावलीला या, ह्या पोत्यावर टेका, चहा ठिवते.

हायस्कुलाचा इतिहास लिव्हायलेत म्हना की. लिव्हा बाई. मोहिनी मॅडम, तुमी नव्या, आत्ता बदली होऊन आलात, तुमच्यावर माझा राग न्हाई. हेडमास्तरांनी सांगितलं असंल, बायडाबाईकडं जा, तिच्या तोंडाला कुलूप न्हाई. न्हाईच हाय. पन ह्या टायमाला जे सांगायचंय त्याची मला लाज वाटायली, म्हनून चहा उकळूस्तोवर जरा इकडचं तिकडचं सांगते.

मालकाचं नाव मी घेत न्हाई. लग्नात घेतलं एकदा, बास. पोरं मातर 'हरिबामामा, हरिबामामा' करत दारात यायची... घ्या, निघालं तोंडातून! पोरं काय म्हनायची ते सांगितलं, त्याला पाप न्हाई.

तुमची शाळा आधी शाळा न्हवतीच. निजामाच्या राज्यात चावडीच्या पडवीत पोरं बसायची आन् एक मौलवीसाब उर्दू शिकवायचे. माझा सासरा तिथंच चार अक्षरं शिकला. पार म्हातारपनापतूर मेंढरामागं हिंडताना अलिफ, बे, पे म्हनायचा. पोलीस ॲक्शन झाली, मराठी आली, पोरं वाढली, पडवी पुरंना. मंग शाळेला जागा म्हनून गायरान दिलं. त्या गायरानात आमची मेंढरं बसायची, आमच्या आज्या-पंज्यापासून. सासऱ्याला लोकं म्हनले, भांड की, तुझी बसायची जागा गेली. सासरा म्हनला, मेंढराला डोंगर हाय, पोरं कुठं बसतील? आन् कळप घेऊन धारूरच्या डोंगराला गेला. लेकाला मातर शाळेत घातलं. लेक काय लई शिकलं न्हाई. पन पुढं त्याच शाळेत शिपाई म्हनून चिकटलं ते चिकटलंच.

काम काय? घंटा देनं, पानी भरनं आन् मैदान आखनं. तांबडं फुटायच्या आत उठायचं, फक्कीची बादली घ्यायची आन् दोरी धरून पांढऱ्या रेघा मारीत सुटायचं. फक्की म्हंजे ती चुन्याची भुकटी, ती मिशीला, पापन्याला, समद्या अंगाला. मी म्हनायचे, अवं, घरात शिरायच्या आधी खाकरत जा, लेकरं भूत आलं म्हनून भेतात.

आन् खेळातलं कळायचं म्हनाल, तर काय सुदिक कळायचं न्हाई. खेळाचे सर येगळे होते, शिट्टी त्यांच्याकडं. ह्येला एकच ठावं, 'दम धर!' कबड्डीला दम धर, खो-खोला दम धर, पळायच्या शर्यतीला बी दम धर. एकदा बीडला पोरं बुद्धिबळाला बसलती, तिथं बी मागून वरडलं. तिथल्या बाईंनी भाईर काढलं.

पन एक नियम म्हाताऱ्याला पक्का कळला होता. कबड्डीत गडी बाद झाला की आपल्याकडं पोरं त्याला मेला म्हनतात. मेला, रेघंच्या भाईर बसला. मंग आपल्या गड्यानं पलीकडचा एक बाद केला की ह्यो मेलेला उठतो, जिता होतो, परत खेळायला येतो. हे म्हाताऱ्याला लई भारी वाटायचं. कोन्तं पोरगं मेलं की जाऊन त्याच्याशेजारी उकिडवं बसायचं आन् पाठीवर हात ठिवायचं. 'उठशील बे, आत्ता उठशील.' जवळ बसायला घरातला मानूस असावा तसं बसायचं.

किती संघ झाले काय की. मला तिघंच ध्येनात हायेत, कारन तिघं बी माझ्या चुलीपाशी जेवलेत. एक सलीम, आता धारूरच्या बाजारात फळाचा गाडा लावतो. चढाईला गेला की दम सोडायचाच न्हाई. एकदा दम धरून धरून चक्कर येऊन पडला, तर म्हाताऱ्यानं खांद्यावर घालून दवाखान्यात पळवला. दुसरा बजरंग, म्हंजे आत्ताचे आपले सरपंचसाहेब. त्यो पाय धरायचा. समोरच्याचा एकदा पाय धरला की सोडायचं नाव न्हाई. आज बी सोडत न्हाई, येगळ्या खेळात.

तिसरी शिवकन्या, खो-खोची. तिचा बाप म्हनला, माझी पोरगी चड्डी घालून लोकांपुढं पळनार न्हाई. म्हातारं त्याच्या दारात जाऊन बसलं. पानी दिलं तर पेलं, जा म्हनलं तर हासलं, पन उठंना. शेवटी मीच मधी पडले. माझ्या निळ्या लुगड्याच्या गुडघ्याखाली जातील अशा लांब चड्ड्या शिवल्या, समद्या पोरींना एकसारख्या. बाप गप झाला. त्याच चड्ड्या घालून पोरी जिल्ह्याला गेल्या आन् ढाल घेऊन आल्या. तुमच्या ऑफिसातल्या कपाटावर ती ढाल हाय बघा, तिच्यावर आता खडूची खोकी ठिवतात. शिवकन्या बीडला पोलिसात हाय. त्या लुगड्याची मला अजून हळहळ वाटती, खोटं कशाला बोलू.

हां, चहा घ्या. गूळ जास्त झाला असंल.

मालक रिटायर झाले तरी सकाळची फक्की काय सुटली न्हाई. नवा शिपाई खुश, त्येला आयतंच. मंग ह्या उन्हाळ्याच्या तोंडाला गावात बोलनं सुरू झालं, मैदानाची जागा रस्त्याला लागून हाय, तिथं गाळे बांधायचे. बजरंगानंच काढलं. दुकानं होतील, गावाचा विकास होईल. आन् पोरं कुठं खेळतील? तर म्हने आता पोरं मोबाईलवर खेळतात, मामा, मैदानात येतंय कोन? ग्रामसभेत ठराव घ्यायचा आन् वर पाठवायचा ठरलं.

म्हाताऱ्याचं जेवनच गेलं.  भांडन काय त्येला येत न्हाई, भांडायचं खातं माझ्याकडं. त्येनं सायकल काढली आन् जुन्या खेळाडूंच्या दारोदार हिंडलं. धारूरला, घाटाच्या खालच्या गावाला, कुठं कुठं. आयतवारी सकाळी मैदानात या, समदे मिळून बोलू, एवढंच म्हनायचं. समदे म्हनले, येतो की मामा. मामा, तुमी सांगायचं आन् आमी यायचं न्हाई असं हुईल का?

आयतवारी म्हाताऱ्यानं पुरं मैदान आखलं. कबड्डीचं, खो-खोचं, पळायच्या पट्ट्या सुदिक. धुतलेलं धोतर, टोपीला नीळ. मी म्हनलं, नवरदेव चालला. दुपारी घरी आलं. म्हनलं, आलते का? तर म्हनलं, 'लई आलते. लई बोलनं झालं.' आन् टोपी काढून खुंटीला लावली, भाकर न खाता आडवं झालं.

मला गिरनीत कळलं. दळन टाकाया गेले तर बायका तोंडाला पदर लावून हासायल्या. कोनी आलंच न्हवतं. एक शेळी आलती म्हने, ती फक्की चाटून गेली. म्हातारं दुपारपतूर रेघंच्या भाईर उकिडवं बसून व्हतं. अन् घरी येऊन माझ्यापुढं खोटं बोललं. जल्मात पयल्यांदा. मी तोंडाची एवढी फाटकी, पन मला ठावं हाय असं सांगायचं माझ्यानं झालं न्हाई. मी म्हनलं, बरं झालं, आले ते. आन् टोपी खुंटीलाच राह्यली. ऊन लागतंय, घाला की, म्हनलं तर डोकं तापतंय म्हनायचं. डोकं न्हवतं तापत मॅडम. गावात टोपी घालून फिरायचं तोंड राह्यलं न्हवतं.

त्या लाजंपायीच आमी पालीला गेलो, इमलकडं, थोरल्या लेकीकडं. चार दिस राहू म्हनलं. आन् तिथं ते झालं. सकाळच्या पारी अंगनात बोडक्या डोक्यानं चूळ भरत बसलं होतं, तर कावळा आला आन् सरळ डोक्यावर बसला. शिवला म्हंजे शिवलाच, नख्या उमटल्या. हासू नका मॅडम, आमच्या येळंला बायकांना कावळा शिवायचा ती गोष्ट येगळी. पुरुषाच्या डोक्याला कावळा शिवनं म्हंजे त्याचं बोलावनं आलं. 

त्याला उपाय एकच हाय, तुमाला शिकलेल्यांना पटनार न्हाई. त्या मानसाच्या रक्ताच्या नात्यात लांब कुठं तरी सांगावा धाडायचा, की मानूस गेला. त्यांनी रडायचं. खरं रडायचं. डोळ्यातून पानी निघालं की वरच्याला वाटतं हितलं काम झालं, आन् त्यो माघारी जातो. मंग सांगायचं, मानूस बरा हाय. आधी सांगितलं तर उपेग न्हाई. आमच्या आज्याच्या टायमाला मानूस पळवत न्यायचा सांगावा. आता फोन हाय.

माझी नणंद वनमाला तलवाड्याला दिलीया. तिला फोन लावला. आन् रडले मॅडम. कसं रडले! 'वन्से, माझं कपाळ फुटलं वं, मालक गेले, उठता उठता गेले!' इमलनं कानावर हात ठिवले. म्हातारं समोर दात घासत बसलेलं, डोळे मोठे करून माझ्याकडं बघायलं. लाज कशाची सांगू का? आधी नाटक म्हनून रडले, आन् मधीच खरं रडू आलं. शेळी दिसली मला, फक्की चाटनारी. तिकडं वनमालेनं जी बोंब मारली, फोनच टाकून दिला तिनं.

लगोलग परत लावला, खरं सांगावं म्हनून, तर फोन लागंना. तो लागूस्तोवर तलवाड्याहून जीप निघालती. सांजच्याला पाव्हनं पालीत दारात उतरलं, गळे काढत. तवा म्हातारं पिठलं-भाकर खात बसलेलं. वनमालेनं मला ज्या शिव्या दिल्या त्या तुमच्या कागदावर मावायच्या न्हाईत. बरोबरच हाय तिचं. मी पाय धरले. म्हनलं, वन्से, तुमच्या रडन्यानं भाऊ वाचला. तवा कुठं पिठलं खाल्लं तिनं.

पन तिच्या नातवानं, रामनं, तवर मोबाईलवर टाकून दिलं होतं. राम तुमच्याच शाळेत होता धाव्वीला. माजी इद्यार्थ्यांचा म्हने गट असतो, त्यावर टाकलं, हरिबामामा पाली येथे गेले. मागून त्यानं पुसलं. पन तवर ते कुठल्या कुठं गेलं होतं. आन् मी? फोन सारखा वाजायला लागला, मला वाटलं अजून कोन्ता तरी पाव्हना शिव्या द्यायलाय, म्हनून बटन दाबून बंदच करून टाकला. तिथं चुकलं माझं.

तिसऱ्या दिशी यष्टीनं आलो. फाट्यावर उतरलो आन् म्हातारं थबकलं. वर बघायलं. एवढा मोठा फ्लेक्स, त्यावर ह्येचं मुंडकं, भवती फुलं, आन् खाली फोटोच फोटो, सरपंच बजरंग आन् समस्त माजी खेळाडू. फाट्यावर चिटपाखरू न्हाई, दुकानं बंद. म्हाताऱ्यानं मान वर करून पुरं वाचलं, हळू हळू. मंग मला म्हनलं, 'बायडे, फोटो बरा आलाय गं.'

मैदानाकडून भोंग्याचा आवाज येत होता. आमी गावातून न जाता शाळंच्या मागल्या बाजूनं गेलो, मुतारीच्या भिताडाकडनं. तिथून डोकावलो, तर बाई! मैदान भरलेलं. पार त्या टोकापतूर मानसं. मोटारी, फटफट्या. सायकलवर हिंडून जी पोरं आली न्हवती ती समदी आली होती, पोटं सुटलेली, केसं पिकलेली. मधी खुर्चीवर ह्येचा फोटो, हार घातलेला. शिवकन्या बीडहून आली होती, वर्दीतच. सलीम तर लहान पोरावानी हुंदके देत होता. त्यानं गाडा बंद करून फळाची टोपली आनून फोटोपुढं ठिवलती.

आन् माईकवर बजरंग. सभेत बोलताना त्येची भाषा पुस्तकी होती, ठावं हाय ना तुमाला. म्हनला, 'हरिबामामा म्हणजे या मैदानाचा श्वास होता. मामांनी मला दम धरायला शिकवलं.' डोळे पुसले. खरं रडत होता मॅडम, मी कुनाचं खोटं सांगनार न्हाई. मंग म्हनला, 'आज मी सरपंच म्हणून सर्वांसमक्ष शब्द देतो. गाळ्यांचा विषय इथंच संपला. या मैदानाला हरिबा क्रीडांगण असं नाव देण्यात येईल आणि इथं एक वीटसुद्धा बसणार नाही. कबूल असेल त्यांनी हात वर करा.' समद्या मैदानानं हात वर केले.

मला आधी काय सुचावं? मला सुचलं, अगं बया, आता मी त्या मैदानाचं नाव कसं घेऊ? शेळी कुठं गेली म्हनून कुनी इचारलं तर काय सांगू? मंग म्हाताऱ्याकडं बघितलं. भिताडाला हात लावून उभं, तोंड उघडं. म्हनलं, 'बायडे, मैदान वाचलं.' आन् पाऊल उचललं पुढं जायला.

मी धोतर धरलं. हे लिव्हा मॅडम, हेच लिव्हा. मी त्येचं धोतर मागून धरलं आन् म्हनलं, 'गप उभं राव्हा. आजचा दिस मेलेलंच राव्हा. मैदान वाचवायच्या ठरावावर सह्या होऊ द्या, मंग जिता व्हा.' लग्नाच्या बायकोनं असं म्हनावं का? पन म्हनले मी. आन् म्हातारं थांबलं. त्येला बी पटलं होतं, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मंग दोन मिनिटं गप उभं राहायचं ठरलं. समदे उठले, माना खाली. वरून ऊन असं, की फक्कीवर नजर ठरंना. एवढी मानसं आन् पाखराचा आवाज न्हाई. एका म्हाताऱ्या मास्तराचे पाय लटलटायले. शिवकन्येच्या कपाळावरनं घाम गळायला. म्हातारं चुळबुळ करायलं. मी धोतर घट्ट धरलं. तरी हिसडा देऊन सुटलं आन् सरळ मैदानात गेलं.

'बसा बसा, पोरांनो. ऊन लई हाय.'

एक बाई किंचाळली. दोघं-तिघं मागं सरले. म्हातारं मधोमध उभं, आपल्याच फोटोपुढं, आन् हात जोडले. 'माफ करा. मी हाय अजून. चुकी झाली.' बघा, कुनाची माफी मागायलंय! मेलं न्हाई म्हनून माफी मागायलंय.

मंग सलीम वरडला, 'मामा जिता झाला बे! मामा जिता झाला!' आन् येऊन गळ्यातच पडला. मंग काय, हासनं, शिट्ट्या. फोटोचा हार काढून ह्येच्याच गळ्यात घातला. मामाचं आयुष्य वाढलं म्हनायले. जो तो शेजारी उभा राहून मोबाईलवर फोटो काढायला. सलीमनं टोपलीतली फळं वाटली. मी कावळ्याचं सांगितलं तर लोकं पोट धरधरून हासली.

समदं जरा निवलं तवा म्हाताऱ्यानं बजरंगाला इचारलं. हळूच इचारलं, जसं शेजाऱ्याकडं वाटीभर पीठ मागावं तसं. 'बजरंग, ते नावाच्या बोर्डाचं?' बजरंगानं ह्येच्या खांद्यावर हात टाकला. 'मामा, जित्या माणसाचं नाव देता येत नाही. शासनाचा नियम आहे. तुम्ही शंभर वर्षं जगा, मग बघू.' लोकं हासली. म्हातारं बी हासलं. म्हनलं, 'मंग गाळे?' बजरंग म्हनला, 'ग्रामसभा आहे ना मामा, तिथं बोलू. सगळे येतील.' समदे म्हनले, येतो की मामा.

सलीम मातर तिथं हासला न्हाई. जाताना माझ्यापाशी येऊन म्हनला, 'मामी, मामा जिता झाला आन् मैदान बाद झालं.' मी म्हनलं, गप रे मुडद्या. पन मला बी तेच दिसलं होतं.

ग्रामसभेला कोन आलं? सलीम आला. शिवकन्येला सुट्टी भेटली न्हाई, तिचा फोन आलता, रडत होती. बाकी समद्यांची कामं निघाली. तेवढ्या मानसावर सभा भरत न्हाई म्हने, म्हनून तहकूब केली. म्हातारं खुश झालं, म्हनलं, टळलं. तवा ग्रामसेवकानं समजावून सांगितलं, मामा, तहकूब झालेली सभा परत घेतली की तिला मानसं मोजत न्हाईत. जेवढे असतील तेवढ्यात ठराव होतो. ती सभा उद्या हाय.

त्या दिशी घरी आलं आन् उंबऱ्यातच बसलं. म्हनलं, 'बायडे, तू धोतर धरलं होतंस, मी थांबाया पायजे होतं गं. दोन मिनिटं तर होती. मला उन्हाचं काय पडलं होतं?' मी म्हनलं, गप बसा, काय तरी बोलू नका. तर म्हनलं, 'एवढी मानसं आलती. मी उठलो आन् समदी गेली. मला माझीच लाज वाटायली.' मॅडम, मानसाला जितं असायची लाज वाटावी, ह्याला काय म्हनायचं? तुमच्या इतिहासात कुठं बसतंय का बघा.

आन् आज सकाळधरनं हे असं. टोपी खुंटीला. तोंड धुवून जे अंगनात बसलं ते हललं न्हाई. मला वाटलं वरून भुसकट पडलं असंल डोक्यावर, म्हनून पदरानं झटकायला गेले. तर हात धरला माझा. म्हनलं, 'ऱ्हाऊ दे.' मंग नीट बघितलं. शिळ्या भाकरीचा चुरा, चांगला चोळून चोळून डोक्यावर घातलेला. खांद्यावर बी.

'अवं, काय हे?' म्हनलं. तर वर बघत म्हनलं, 'तू फोन तेवढा नीट कर. वनमालेला नको, ती आता रडनार न्हाई. सलीमला कर. त्यो रडतो.'

लई बोलले मी तवा. येडा, खुळा, काय काय म्हनले. घरात येऊन चुलीपुढं बसले आन् रडले, खरं रडले, ह्या टायमाला कुनाच्या फोनवर न्हाई. तेवढ्यात तुमी दारात उभ्या, कागद घेऊन. हरिबामामांची माहिती पायजे म्हनून. आता सांगा, काय लिव्हू म्हनाल? मानूस चांगला होता लिव्हा. न्हाई, होता लिव्हू नका. हाय लिव्हा. हाय लिव्हलं तर बोर्ड लागत न्हाई, होता लिव्हलं तर माझं कुंकू... बघा बाई तुमीच.

थांबा. तिकडं भिताडावर बघा. आला.

बघायलाय त्यो. मान वाकडी करून बघायलाय म्हाताऱ्याच्या डोक्याकडं. आन् म्हातारं बघा कसं बसलंय, डोळे मिटून, दम धरून. मी हाड म्हनाया पायजे. धावत जाऊन पदर पांघरून घालाया पायजे डोक्यावर. बायको हाय मी. उठवंना मला. तोंडातून हाड निघंना.

मॅडम, हलू नका.